गाण्याची वाटणी

गेल्या ज्येष्ठांतली गोष्ट. लोणावळ्यास पावसानें जोर धरला होता. फाटकापासून ओटीवर येईपर्यंत छत्री असूनहि निम्मा माणूस भिजावा, असा तो पाऊस. अशा दिवसांत आमच्या घरची सर्व मंडळी माजघरांत जमते, आणि जमली कीं कशावरून तरी वाद निघतोच. या खेपेचा वाद आमसुलाच्या साराचा किंवा विजेच्या बिलाचा नव्हता. तो मुंबईच्या एका संगीत-कंपनीनें आमच्या पुतणीकडे पाठविलेल्या सोळा पानी इंग्रजी कराराचा होता.

हकीकत अशी. आमच्या थोरल्या वहिनींना कविता करण्याची पूर्वीपासून संवय आहे; आजवर ती त्यांनीं हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानांवर जिरविली. मावळांतल्या लावणीवर त्यांनीं एक गीत लिहिलें. (लावणी भाताची, वाचकांचा गैरसमज नसावा.) त्यास आमच्या धाकट्या बंधूंनीं चाल लावली, आणि वहिनींचीच कन्या, जी आठ वर्षें पुण्यास गाणें शिकत आहे, तिनें तें गायिलें. जोडीला तिनें 'स्वयंवर' नाटकांतील एक पदहि म्हटलें. तळेगांवच्या एका स्नेह्यांकडे ध्वनिमुद्रणाची लहानशी खोली आहे. तेथें एका रविवारीं दोन्ही गाणीं मुद्रित झालीं, आणि कोणाच्या तरी मोबाईलवरून फिरत फिरत कंपनीच्या कानीं गेलीं. कंपनीचें म्हणणें, आम्ही तीं नव्या साजानें पुन्हां मुद्रित करूं. मुद्रण व जाहिरात यांवर पाऊण लाख रुपये खर्च करूं. मुलीस पंचवीस हजार रुपये उचल देऊं, आणि पुढें विक्रीचें जें उत्पन्न येईल त्यांत तिचा शेंकडा पंधरा वाटा. मोबदल्यांत दोन्ही गाण्यांचे सर्व हक्क, सर्व जगभर, सर्व काळ, आज असलेल्या व उद्यां निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठीं कंपनीचे.

"काका, सही कोठें करायची तेवढें दाखवा," पुतणी म्हणाली. बंधूंचें मत, पंचवीस हजार रुपये कोणी घरीं आणून देत नाहीं. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. पण त्यांनीं एकेक पान उलटून आपलें नांव शोधलें. तें सोळा पानांत कोठेंहि नव्हतें. मग मीं चष्मा पुसला आणि तो करार वाचावयास घेतला.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास वाटणी म्हणजे काय तें शिकवावें लागत नाहीं. घर, शेत, आडाचें पाणी, तांब्याचीं भांडीं, देव्हाऱ्यांतले टांक, सर्वांची वाटणी आपण पाहिलेली असते. परंतु गाणें ही मिळकत चमत्कारिक आहे. ऐकणाऱ्यास ती एकच वस्तु वाटते. कायद्याच्या दृष्टीनें तींत तीन-चार मिळकती एकावर एक रचलेल्या असतात. शब्द ही एक, चाल ही दुसरी, आणि ज्यानें पुढाकार घेऊन व पैसा घालून ध्वनिमुद्रण केलें त्याचें तें मुद्रण ही तिसरी. गाणाराचा गळा हा चौथा हक्क. पण त्याची कथा निराळी, ती पुढें सांगतों.

या मिळकतींची आयुष्यें सारखीं नसतात. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें चालतो. मुद्रणावरील हक्क तें प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षें. 'स्वयंवर' १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. पदांचे कर्ते खाडिलकर १९४८ सालीं वारले, चाली देणारे भास्करबुवा बखले त्याआधींच, १९२२ सालीं. म्हणजे २००८ संपतांच तीं पदें सर्वांचीं झालीं. आमच्या पुतणीनें त्यांतलें पद गायिलें तर शब्दांसाठीं वा चालीसाठीं कोणास एक पैहि देणें लागत नाहीं. उलट 'गीतरामायणा'चे शब्द माडगूळकरांचे. ते १९७७ सालीं गेले, म्हणून २०३७ अखेरपर्यंत त्या शब्दांवर त्यांच्या वारसांचा किंवा ज्यांस हक्क दिले असतील त्यांचा अधिकार आहे. सुधीर फडक्यांच्या चालींचा तर २०६२ अखेरपर्यंत. आमच्या भजनी मंडळांत या बाबतींत फार घोटाळा दिसतो. अभंग तुकोबांचा, तेव्हां चालहि तुकोबांचीच, असें तीं धरून चालतात. पण ज्या चालीवर तीं डोलत असतात ती पुष्कळदां श्रीनिवास खळे यांची असते, आणि खळे २०११ सालापर्यंत आपल्यांत होते. देवळांतल्या भजनास कायदा आडवा येत नाहीं. तेंच भजन मुद्रित करून विकावयास निघालें कीं येतो.

आतां गळ्याची कथा. १९५७ च्या कायद्यांत गाणाऱ्यास हक्क असा नव्हताच. त्यानें गावें, बिदागी घ्यावी आणि घरीं जावें. लता मंगेशकरांनीं १९६० च्या दशकांत प्रश्न काढला कीं तबकड्या खपतात त्या आमच्याहि गळ्यावर खपतात, मग त्या उत्पन्नांत आमचा वाटा कां नसावा? महंमद रफी यांचें मत उलट होतें. एकदां ठरलेली रक्कम घेतली कीं गाणाऱ्याचें देणेंघेणें संपलें, असें ते म्हणत. त्या मतभेदापायीं दोघें कांहीं वर्षें एकत्र गायिलीं नाहींत. रफींचा पक्ष कृपणपणाचा नव्हता, सालसपणाचा होता. पण हिशेबांत सालसपणा नेहमीं दुसऱ्याच्या पथ्यावर पडतो. पुढें १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, निर्मात्यानें मोबदला देऊन चित्रपटासाठीं करवून घेतलेल्या गीतांचा व संगीताचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, निर्माताच. त्याच निकालांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं गाणाऱ्यास कायद्यानें कांहींच दिलेलें नाहीं याबद्दल स्वतंत्रपणें खंत नोंदविली आहे. १९९४ च्या दुरुस्तीनें गायक-वादकांस थोडा हक्क आला, आणि २०१२ सालीं मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर त्या वेळीं राज्यसभेंत होते आणि तिच्यासाठीं ते हिरीरीनें बोलले.

ती दुरुस्ती आमच्या घरापुरती सांगावयाची तर अशी. शब्दकारानें व स्वरकारानें आपले हक्क कंपनीस लिहून दिले, तरी त्या कृतीच्या उपयोगाबद्दल येणाऱ्या स्वामित्वधनांत, ज्यास व्यवहारांत रॉयल्टी म्हणतात त्यांत, कंपनीच्या बरोबरीचा वाटा त्यांचा राहतो. तो सोडून देतों असें त्यांनीं लिहिलें तरी तें लिहिणें व्यर्थ. तो वाटा फक्त वारसांस देतां येतो, किंवा वसुलीसाठीं नोंदलेल्या संस्थेस. गायनाचा व्यापारी उपयोग झाला तर गायकासहि स्वामित्वधनाचा हक्क आहे. वहिनींस मीं हें सांगितलें तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, "म्हणजे माझें नांव घातलें नाहीं तरी?" हक्क राहतो, वहिनी, पण नांवच नसेल तर पैसा पोंचावा कोणास?

येथें एक खोंच आहे, आणि ती न समजल्यामुळें पुष्कळांची निराशा होते. तो समान वाटा सर्व उत्पन्नाचा नव्हे. शब्द व चाल यांच्या नांवें जो ढीग पडतो त्याचा. मुद्रणाच्या नांवें पडणारा ढीग निराळा आणि पुष्कळ मोठा असतो. त्यांतून गाणाऱ्याच्या पदरांत काय पडावें हें बहुतेक करारावरच अवलंबून राहतें.

हे ढीग पडतात कसे, हें पाहावयास मला दूर जावें लागत नाहीं. शेजारींच कार्ल्याचा डोंगर आहे. चैत्रांत एकवीरेच्या यात्रेस मुंबई-रायगडकडचे कोळी बांधव पालख्या घेऊन येतात, तेव्हां वेहेरगांवापासून पायऱ्यांपर्यंत देवीच्या गाण्यांचा नुसता कल्लोळ उठतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं पायथ्याच्या दुकानांत नारळ व ओटीच्या सामानाशेजारीं कॅसेटी मांडलेल्या असत. यात्रेकरू किंमत देई, कॅसेट घेई, आणि किती प्रती खपल्या हें निदान कोणास तरी मोजतां येत असे. आतां तीं दुकानें आहेत, नारळ आहेत, गाणीं तर पूर्वीपेक्षां जास्तच आहेत. पण कॅसेट नाहीं. गाणें मोबाईलवर वाजतें. वाजविणारानें त्यासाठीं कांहीं दिलेलें नसतें, किंवा महिन्याची सरसकट वर्गणी दिलेली असते. मग त्या एका गाण्याची किंमत ती कोणती?

मध्यंतरीं कांहीं वर्षें या नव्या व्यापारांतहि विक्रीच होती. ॲपलनें २००३ सालीं अमेरिकेंत एकेक गाणें नव्याण्णव सेंटांस विकावयास आरंभ केला. त्यांतले सुमारें सत्तर सेंट कंपनीकडे जात आणि कंपनी आपल्या करारानुसार गायकास देई. आपल्याकडे त्या सुमारास मोबाईलच्या कॉलर ट्यूनचा व्यापार तेजींत होता, आणि त्यांतला मोठा भाग मोबाईल कंपन्याच ठेवून घेत. आतां विक्री मागें पडली. हा भाड्याचा काळ आहे. सर्वांची वर्गणी व जाहिरातींचें उत्पन्न एका राशींत पडतें. दुकानदार आपला हिस्सा काढतो. स्पॉटिफायच्या सांगण्याप्रमाणें सुमारें दोन-तृतीयांश रक्कम हक्कदारांकडे जाते; ॲपलनें २०२१ सालीं कलावंतांस लिहिलेल्या पत्रांत मुद्रणाच्या मालकांचा भाग शेंकडा बावन्न सांगितला आहे. ही रक्कम मग एकंदर जितक्या वेळां गाणीं ऐकलीं गेलीं त्या प्रमाणांत वाटली जाते. आपण महिनाभर भीमसेनांखेरीज दुसरें कांहीं ऐकलें नाहीं, तरी आपल्या वर्गणीचा बहुतेक भाग त्या महिन्यांत ज्या सिनेमाचीं गाणीं गाजलीं त्यांच्याकडे जाणार! प्रत्येकाची वर्गणी त्यानें ऐकलेल्यांनाच वाटावी, असा प्रयोग साउंडक्लाउडनें २०२१ सालीं सुरू केला. मोठ्या दुकानांनीं तो सरसकट उचललेला नाहीं. त्यांत आपल्या देशांत वर्गणी स्वस्त, आणि फुकट ऐकणारे फार, त्यामुळें रास मुळांतच लहान. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षांत हजार वेळां न ऐकल्या गेलेल्या गाण्यास मुद्रणाच्या राशींतून कांहींच मिळत नाहीं.

दर सरकारनें ठरवावा असाहि प्रयत्न झाला. रेडिओस जसा कायद्यानें ठरविलेल्या दरानें परवाना मिळतो तसाच आम्हांस मिळावा, असें विंक या दुकानानें टिप्स कंपनीविरुद्ध म्हटलें. मुंबई उच्च न्यायालयानें २०१९ सालीं तें मान्य केलें नाहीं, आणि २०२२ सालीं खंडपीठानेंहि तोच निकाल कायम केला. तेव्हां इंटरनेटवर गाण्याचा भाव ठरतो तो घासाघिशीनें. घासाघीस मोठ्या कंपनीस जमते. लोणावळ्याच्या मुलीस नाहीं. म्हणूनच कंपनीची गरज आहे, हें बंधूंचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें.

पण मग कंपनीशीं वाटणी कशी करावी? आमच्या वडिलांच्या वेळेस आमचीं भाताचीं खाचरें अर्धेलीनें दिलेलीं असत. बी मालकाचें असेल तर खळ्यावर रास पडली कीं आधीं सर्व राशींतून बियाण्याचें भात काढीत, आणि मग उरलेल्याचे दोन भाग. गाण्याच्या खळ्यावर रीत उलटी आहे. तेथें बियाणें काढतात तें सबंध राशींतून नव्हे, एकट्या गाणाऱ्याच्या वाट्यांतून. आमच्याच करारावर मीं हिशेब मांडला. उचल व खर्च मिळून एक लाख रुपये. समजा, उत्पन्न तीन लाख आलें. पुतणीचा शेंकडा पंधरा म्हणजे पंचेचाळीस हजार; ते तिच्या नांवावरच्या एक लाखांत वळते होणार. म्हणजे कंपनीनें आपला लाख वसूल करून वर दोन लाख मिळविले तरी पुतणी अजून पंचावन्न हजारांची देणेकरी! साडेसहा लाखांच्या वर उत्पन्न जाईपर्यंत उचलीखेरीज तिला एक रुपया दिसणार नाहीं. तोच खर्च आधीं राशींतून काढला असता तर तीन लाखांवरच तिला तीस हजार मिळाले असते. वाट्याचा आंकडा तोच, पंधरा. फरक फक्त बियाणें कोठून काढावयाचें याचा. बंधूंनीं हा हिशेब दोनदां तपासला आणि पंचवीस हजारांचें नांव पुन्हां काढलें नाहीं.

अशा करारांत जुनीं कलमें कशीं टिकून राहतात याची एक गंमत आहे. तबकड्या लाखेच्या होत्या तेव्हां वाटेंत फुटत. म्हणून गायकाच्या वाट्यांतून फुटतुटीबद्दल कांहीं कापण्याची वहिवाट पडली, आणि वेष्टणाबद्दलहि. लाख गेली, तबकडी गेली, कॅसेट गेली, कापणी राहिली. न फुटणाऱ्या व वेष्टण नसलेल्या गाण्यांवरहि अशी कापणी करतात, म्हणून ऑलमन ब्रदर्स व चीप ट्रिक या अमेरिकन वाद्यवृंदांनीं २००६ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयांत सोनी बीएमजीवर दावा लावला होता.

त्याहून बोधप्रद दावा एमिनेम या गायकाच्या आरंभींच्या निर्मात्यांचा. त्यांच्या करारांत तबकडी विकली तर शेंकडा बारा ते वीस, पण मुद्रण दुसऱ्यास परवान्यानें वापरावयास दिलें तर शेंकडा पन्नास, असें होतें. मग ॲपलच्या दुकानांतून गाणें गेलें ती विक्री कीं परवाना? कंपनी म्हणे विक्री. अपील न्यायालयानें २०१० सालीं ठरविलें कीं तो परवाना. एका शब्दानें पांचव्या हिश्शाचा अर्धा झाला. हें वाचून मीं आमच्या कराराचें नववें पान पुन्हां काढलें. तेथें परवान्याबद्दल शेंकडा चाळीस असें औदार्य दाखविलेलें होतें. आणि दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत विक्री या शब्दाची व्याख्या होती, तींत इंटरनेटवरून ऐकविणेंहि घातलेलें होतें. म्हणजे चाळीस हे केवळ दाखवावयाचे दांत.

'सर्व काळ' आणि 'उद्यां निघणारीं माध्यमें' यांविषयींहि २०१२ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा बोलतो. मुदत लिहिलीच नसेल तर पांच वर्षें, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असें तो मानतो. जें माध्यम करार करतेवेळीं व्यापारांत नव्हतें त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर तें दिलें असें होत नाहीं. हक्क घेऊन कंपनीनें वर्षभर वापरले नाहींत तर, उलट लिहिलेलें नसल्यास, ते परतहि येतात. "मग मुदत न लिहिलेलीच बरी!" पुतणी म्हणाली. बरी खरी, पण कंपनीचे वकील ती विसरत नाहींत. आणि 'सर्व काळ' असें स्पष्ट लिहून त्याखालीं सही केली कीं पांच वर्षांचें कलम तुझ्या उपयोगाचें नाहीं.

त्या रात्रीं आम्ही चौघांनीं मिळून पत्र तयार केलें. मुदत पांच वर्षें. शब्दकार व स्वरकार यांचीं नांवें करारांत आणि गाण्याच्या नोंदींत. इंटरनेटवरील उत्पन्न परवान्याच्या दरानें. खर्च आधीं सर्व राशींतून. कंपनीच्या गृहस्थांचा दुसऱ्या दिवशीं फोन आला. आवाज गोड होता. नव्या गायिका असल्या अटी घालीत नाहींत, सगळे सही करतात, असें त्यांनीं सांगितलें. पंधरा दिवसांनीं दुरुस्त करार आला. मुदत मान्य, नांवें मान्य. दर आणि खर्च पूर्वींचेच.

आतां घरांत खरा पेंच पडला. बंधु नको म्हणूं लागले, आणि आश्चर्य असें कीं वहिनी हो म्हणूं लागल्या. मुलीचें नांव कोठें तरी लागेल, एवढेंच त्यांच्या मनांत. निकाल अखेर पुतणीनेंच केला. नाट्यपदाचे शब्द व चाल सर्वांचेंच आहे; तें कंपनीनें वाटेल त्या साजांत मुद्रित करावें, पांच वर्षें वापरावें. उचल फिटेल न फिटेल, नांव तरी होईल. पण लावणीचें गीत द्यावयाचें नाहीं. "तें आईचें आणि काकांचें आहे, मी एकटी कशी देऊं?" असें ती म्हणाली, आणि सोळा पानांचा करार सात पानांवर आला.

लावणीचें गीत आम्हीं तळेगांवच्या मुद्रणासहच इंटरनेटवर चढविलें. वर्षाची ठराविक फी घेऊन सर्व दुकानांत गाणें पोंचविणारे मध्यस्थ असतात; त्यांच्या अर्जांत शब्द, चाल, स्वर, तबला अशा चौघांचीं नांवें पुतणीनें दोनदां तपासून भरलीं, कारण प्रत्येक मुद्रणास जो बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो त्याच्याशीं हीं नांवें जोडलीं जातात, आणि तेथें चुकलेलें नांव पुढें पैशापासून तुटतें. वहिनी आणि बंधु यांचे अर्ज १९६९ पासून चालत आलेल्या गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेकडे गेले आहेत. अर्जावर व्यवसाय म्हणून 'गीतकार' लिहितांना वहिनींनीं पेन बराच वेळ हातांत धरून ठेवलें होतें.

हें लिहितों आहें तें कार्तिकांत. भात झोडून झालें, पेंढा रचला गेला. कंपनीनें नाट्यपद अद्याप मुद्रित केलेलें नाहीं. लावणीचें गीत काल संध्याकाळपर्यंत स्पॉटिफायवर तीनशें बारा वेळां ऐकलें गेलें होतें. हजारास अजून सहाशें अठ्ठ्याऐंशीं कमी आहेत, असें बंधु रोज सकाळीं चहाच्या वेळीं जाहीर करतात. आणि त्या तीनशें बारांपैकीं निम्मीं तरी त्यांच्याच मोबाईलवरचीं आहेत, असा आमच्या सौ.चा आरोप आहे.